आ आणि न

११ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद दरवेळी वेगळे लिहीत नाही, ते आहेतच. तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही, त्याचा राग मानू नकोस. फोनवर बोललेलं नंतर मला आठवेल की नाही, याची हल्ली खात्री वाटत नाही. कागद बरा. तो समोर राहतो, पुन्हा वाचता येतो, आणि मी काय लिहिलं होतं ते तूही मला दाखवू शकतेस.

खोली चांगली आहे. शिंप्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून आलं की डावीकडे. दिवसभर खालून मशीनचा आवाज येतो. आपल्या लॅबमधल्या इनक्युबेटरची घरघर असायची तसाच, त्यामुळे करमतं. घरमालकीण रोज एकदा वर येऊन विचारते की तीस वर्षं मी नक्की करायचे काय. मी तिला सांगितलं, शेजारी शेजारी दोन पेशी असतात, त्यांच्यामध्ये बारीक नळ्या असतात, अर्धी नळी हिची, अर्धी तिची. त्यातून क्षार जातात, निरोप जातात. हृदय एका तालात धडधडतं ते या जोडांमुळे. शास्त्रात त्याला गॅप जंक्शन म्हणतात, आम्ही नुसतं जोड म्हणायचो. हे जोड जन्मभराचे नसतात, काही तासांत जुने जातात आणि नवे येतात. कोणता किती टिकवायचा हे पेशी कशी ठरवते, ते आमचे सर शोधतात. मी त्यांच्यासाठी डिशमध्ये पेशी वाढवायचे, औषध घालायचे, तासातासाला रंग देऊन काचा तयार करायचे. एवढं सगळं ऐकून ती म्हणाली, म्हणजे भांडी घासायचीस ना. मी म्हटलं, तीही घासायचे.

इथपर्यंत हसून घे, पुढचं हसण्यासारखं नाही. सहा महिने झाले, तरी तुला तोंड दाखवायची माझी हिंमत होत नाही. माझ्या खुणांपायी तुझा छापलेला पेपर परत घ्यावा लागला. डिशच्या झाकणावर मी 'आ' आणि 'न' लिहायचे. आ म्हणजे आधी, न म्हणजे नंतर. साधं द्रावण आधी घालायचं आणि औषध नंतर, म्हणजे औषधाचा थेंब चुकूनही साध्या डिशमध्ये जात नाही. मला तिथल्या जुन्या बाईंनी तसं शिकवलं होतं. तू वाचलंस आहे आणि नाही. औषध आहे, औषध नाही. सगळं बरोबर उलटं झालं. तुला नीट सांगणं माझं काम होतं. चौकशीत सरांनी मला विचारलं, सांगितलं होतंत का, तेव्हा माझ्या मते सांगितलं होतं. पण तू नाही म्हणालीस म्हटल्यावर माझंच चुकत असणार. म्हणून दोन वर्षं बाकी असताना मी राजीनामा दिला. भाचीला मीच तोंडघशी पाडलं, याचं वाईट वाटणं काही कमी होत नाही.

इथे मी डब्यांवर पूर्ण शब्द लिहिलेत. मीठ, साखर, चहा. एकेका अक्षराचा कारभार बंद केला आहे.

तुझी आत्या


१९ जानेवारी

आत्या,

पत्र मिळालं. किती जिवाला लावून घेतेस गं? झालं ते झालं. माणसाच्या हातून चूक होते, आणि तुझ्या हातून तीस वर्षांत एकच झाली. मी तुला केव्हाच माफ केलं आहे. तो विषय आता बंद.

इकडची बातमी चांगली आहे. सरांनी सगळे प्रयोग पहिल्यापासून करायला लावले. सतरा नंबरचं औषध जोड जास्त वेळ टिकवतं, असं आपण छापलं होतं. खरं तर ते जोड लवकर मोडायला लावतं, आणि ते जास्त मजेशीर निघालं. जोडाच्या प्रथिनाला पेशीच्या आत लोंबणारी एक शेपटी असते, तुला माहीतच आहे. पेशी त्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा चिकटवते. एका जागी खूण असली तर जोड राहू द्यायचा, दुसऱ्या जागी असली तर काढून न्यायचा. सतरा नंबर ही दुसरी खूण वाढवतं. आता आम्ही जुन्या प्रथिनाला हिरवा रंग देतो आणि नंतर आलेल्याला लाल. मायक्रोस्कोपखाली मध्ये हिरवं आणि कडेने लाल दिसतं. म्हणजे नवे तुकडे कडेला येऊन बसतात, जुने मधूनच उचलले जातात, आणि जोड मात्र तिथल्या तिथे. तू असतीस तर आधी रंग कुठे सांडलाय ते बघितलं असतंस, मग जोड.

सर खूश आहेत. बढतीचं माझं नाव पुढे गेलं आहे. तुझ्या जागी आलेली बाई स्टिकर छापते, त्यावर तारीख, वेळ, औषधाचं पूर्ण नाव, सगळं असतं.

थंडी आहे. स्वेटर घालत जा, पेटीत ठेवून त्याला ऊब देऊ नकोस.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

माफ केलंस हे वाचलं. मग उठून चहा केला आणि पुन्हा वाचलं. लाल कड आणि हिरवं मध्य, हे डोळ्यांसमोर उभं राहिलं. वाईट एवढंच वाटलं की त्या काचा माझ्या हातच्या नाहीत.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कोपऱ्यावर रक्त तपासायची एक छोटी लॅब आहे. तिथल्या बाईंना घरमालकिणीने माझ्याबद्दल सांगितलं, आणि त्या स्वतः जिना चढून आल्या. नमुने घ्यायला, नीट खुणा करून ठेवायला माणूस हवं आहे म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ज्या बाईला आपण काय सांगितलं ते आठवत नाही, तिने दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं लिहू नयेत. खुणांचे अर्थ लिहिलेली ती लॅबची निळी नोंदवहीसुद्धा मीच कुठेतरी हरवली, नाही का? ती असती तर निदान काय लिहिलं होतं ते दिसलं असतं.

दुसरी गोष्ट, मी डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द दिले आणि दहा मिनिटांनी विचारले. सगळं बरोबर आलं. मग मी त्यांना आपली गोष्ट सांगितली. ते म्हणाले, असंही होतं, चूक झाली की मन स्वतःला सोडवण्यासाठी आठवणी रचतं, आणि त्या खऱ्यासारख्या दिसतात.

म्हणून तुला विचारते. माझ्या आठवणीत असं आहे, की तू कामावर आलीस त्या पहिल्या दिवशी मी तुला नोंदवहीचं पहिलं पान दाखवलं, खुणा समजावून सांगितल्या आणि तू हसलीस. "आत्या, कुणी हे आहे-नाही असं वाचलं तर पंचाईत होईल," असं म्हणालीस. तुझा कोट नवा होता आणि बाही लांब होत होती, ती मी दुमडून दिली. हे इतकं स्वच्छ दिसतं मला. हे जर माझ्या मनाने रचलेलं असेल, तर दुखणं डॉक्टरांना वाटतं त्याहून मोठं आहे आणि मी एकटीने राहणं बरोबर नाही. तुझे बाबा मला तिकडे बोलावतायत, मागची खोली देतो म्हणतात. तू मला खरं काय ते सांग. तू हसली होतीस का?

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

आत्या,

घाईत लिहिते आहे, आज तीन तासांच्या काचा व्हायच्या आहेत.

तू फार खोलात जातेस. पहिल्या दिवशीचं मला खरंच काही आठवत नाही. इतकी माणसं भेटली, इतक्या ठिकाणी सह्या केल्या. हसले असेन किंवा नसेन. डॉक्टर म्हणतात तर विश्रांती घे. बाबांकडे गेलीस तर सगळ्यांनाच बरं वाटेल, तुलाही सोबत होईल.

कामाचं ओझं कमी झालं की मोठं पत्र लिहीन.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुला आठवत नाही म्हणजे ते झालंच नसणार. लहानपणी कुणी कोणत्या रंगाचे मोजे घातले होते हे वर्षभराने सांगणारी मुलगी तू. तेव्हा तो प्रश्न मिटला. मी तुझ्या बाबांना कळवलं आहे, ३१ मार्चला खोली सोडते. त्यांनी मागच्या खोलीतली अडगळ हलवली, खिडकीला नवी काच लावली. वहिनीने मला स्वयंपाकघरात शिरू देणार नाही असं आत्तापासूनच बजावलंय. ते बरोबरच आहे, मी गॅस चालू ठेवून विसरले तर काय घ्या. मी स्वतःच इथली शेगडी आठवड्यापूर्वी काढून टाकली. चहा खालून शिंपी पाठवतो.

आयुष्यभर कुणाच्या घरात पाहुणी म्हणून आठ दिवसांवर राहिले नाही. आता राहायला शिकेन. दिवसातून दोनदा दाराचं कुलूप ओढून बघते, आणि मग आत्ता ओढलं होतं का असं वाटून तिसऱ्यांदा. अशा बाईने तोरा कशाला मिरवावा?

मोठं पत्र लिहिशील तेव्हा एक सांग. मी काचांवर शेकडो वेळा पाहिलं आहे, की दोन अर्धे एकदा जुळले की ते पुन्हा सुटत नाहीत. जोड काढायचा असला की एक पेशी तो अख्खा तुकडा आत ओढून घेते, शेजारणीच्या भिंतीच्या तुकड्यासकट. गोल कड्यासारखं दिसतं आणि नंतर पचून जातं. मी सरांना एकदा विचारणार होते आणि राहून गेलं. दोघींतल्या कोणी गिळायचं हे ठरवतं कोण?

तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

खोली सोडू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी बाबांना आणखी काही कळवू नकोस.

मी हसले होते. तू म्हणालीस अगदी तसंच. कोटाची बाही लांब होती आणि तू ती दुमडून दिलीस. तू पहिलं पान दाखवलंस, त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, आ म्हणजे आधी, न म्हणजे नंतर. त्याखाली मी माझ्या हिरव्या पेनाने लिहिलं, "समजलं. पण हे आहे-नाही वाटतं." खाली सही केली, तारीख घातली. तुझी आठवण रचलेली नाही. तुला काहीही झालेलं नाही. मला सगळं आठवत होतं, तू विचारलंस तेव्हाही.

नोंदवही तू हरवली नाहीस. ती माझ्या कपाटात आहे, स्वेटरांच्या खाली.

कसं झालं ते सांगते. आधीच्या नोकरीत आम्ही आहे-नाहीच लिहायचो. इथे आठ महिन्यांनी मोजायला बसले तेव्हा हाताला जुनी सवय होती, तुझ्या खुणा मी आपल्याच समजून वाचल्या. तोवर ती निव्वळ चूक होती. मग दुसऱ्या लॅबचं पत्र आलं, की आमच्या प्रयोगात सगळं उलटं येतंय. मी नोंदवही उघडली आणि पहिल्याच पानावर माझी सही दिसली. त्या दिवशी मी ती पिशवीत घालून घरी आणली. नीट वाचायला नेतेय, असं स्वतःला सांगितलं.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे तिघं जण बसले होते. सरांनी विचारलं, "या खुणांचा अर्थ तुम्हाला कोणी सांगितला होता का?" मी म्हणाले, "नाही, कोणीच नाही." एवढंच बोलले. दार अर्धवट उघडं होतं आणि तू बाहेर बाकावर कोट घालून बसली होतीस, मांडीवर हात ठेवून. तू ऐकलंस हे मला कळलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, तू आठवायचा प्रयत्न करत होतीस. त्या वेळी उठून खरं सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायले.

मला वाटलं, तुझं वय झालंय, तुला दोन वर्षांनी निघायचंच आहे, माझं अजून सगळं व्हायचंय. इतका हिशोबी विचार मी केला आणि वर तुला माफ केल्याचं पत्र पाठवलं. ते वाक्य आठवलं की आरशासमोर उभं राहवत नाही. तू शेगडी काढून टाकलीस हे वाचल्यापासून मला माझी इतकी लाज वाटते की लॅबमध्ये कोणी सहज हाक मारली तरी दचकते.

तू विचारलंस कोण ठरवतं. ते अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही. आपल्या दोघींत ते मी ठरवलं. तुझा अर्धा भागसुद्धा मीच गिळला.

भिंगरी


५ मार्च

भिंगरी,

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी बरी आहे, एवढंच दिसत होतं. जिना उतरून शिंप्याला सांगितलं की चहा पाठवू नका, शेगडी परत आणतेय. संध्याकाळी दार ओढलं, एकदाच. राग दुसऱ्या दिवशी आला. आल्यावर इतका आला की भाजी चिरता येईना.

पेशींना मध्ये आणू नकोस. पेशी जोड गिळते ती तिच्या रोजच्या व्यवहारासाठी, आणि कडेने नवे तुकडे येतच असतात. तिला लाज वाटायचं काही कारण नाही. तुला आहे, तेव्हा स्वतःचं स्वतःच्या शब्दांत सांग.

मी तुला साधा प्रश्न विचारला होता, हसलीस का. तू मला आठवत नाही म्हणून लिहिलंस आणि बाबांकडे जा म्हणालीस. चौकशीचं एक वेळ मी समजू शकते, माणूस घाबरतो. पण सहा फेब्रुवारीला तुला कोणीही टेबलापलीकडून विचारत नव्हतं. घरी टेबलाशी बसून, तारीख घालून तू ते लिहिलंस. सात महिने मी माझ्या डोक्यावर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या आठवणीला खोटं म्हणत राहणं काय असतं, ते तुला कधी कळू नये असं मला वाटतं, आणि कळावं असंही वाटतं.

तुझं पत्र मी कोणालाही दाखवणार नाही. ते मला लिहिलेलं आहे. नोंदवही सरांची आहे, ती त्यांना दे. कोणाच्या हातून पाठवू नकोस, टपालाने तर नाहीच. समोर उभी राहून दे आणि जे बोलली होतीस ते चूक होतं हे त्याच टेबलाशी सांग. तुझ्या बाबांना मी फक्त एवढंच कळवलं आहे की येत नाही. का, ते तू सांगशील.

फोन करू नकोस. आवाज ऐकला की मी विरघळेन, आणि मला इतक्यात विरघळायचं नाही.

रक्ताच्या लॅबमधल्या बाईंकडे काल गेले. सोमवारपासून येते म्हणून सांगितलं.

आत्या


१८ मार्च

आत्या,

नोंदवही दिली. सरांनी पहिलं पान उघडलं, चष्मा काढून पुन्हा लावला आणि विचारलं, "हिरवं अक्षर तुझं?" मी हो म्हणाले. मला वाटलं होतं ओरडतील, म्हणजे सोपं गेलं असतं. त्यांनी बाकीच्या दोघांना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कोणाचंही नाव पुढे न करता सांगितलं. पाणी ठेवलं होतं, ते घेतलं नाही.

बढती गेली. महिनाअखेर मला इथून निघायचं आहे. लिफ्टशेजारच्या फळ्यावर तुझ्या निष्काळजीपणाची सूचना लावली होती ना, तिथेच आता नवी सूचना आहे. ती सगळ्यांनी वाचली. चहाच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं आणि मग सगळे एकदम हवेबद्दल बोलू लागतात. सर तुला वेगळं पत्र लिहितायत.

बाबांना सांगितलं. ते मागच्या खोलीत जाऊन बसले. आई म्हणाली, जेवून घे.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं. ते मी तुला एकदा उलटं लिहून पाठवलंय, तेव्हा तो शब्द आता माझ्या तोंडी शोभत नाही. फक्त झालं ते कळवते.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र पोचलं आणि सरांचंही. त्यांनी तीन पानं लिहिली आहेत, अक्षर अजून तसंच, किड्यामुंग्यांचं. परत या असं लिहिलंय. मी नको म्हणून कळवलं. इथे रोज चाळीस नमुने येतात, मी प्रत्येक बाटलीवर नाव लिहिते आणि मग ज्याचं रक्त त्याच्याकडूनच ते वाचून घेते. बाईंना वाटतं मी जरा जास्तच करते.

तू सांगितलंस ते बरं केलंस. ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. नोकरी गेली म्हणून तोंड लपवून बसू नकोस, काम शोध. तुझा हात चांगला आहे, ते मी पहिल्या दिवसापासून जाणते.

इकडे ये असं म्हणावंसं वाटतं, पण अजून म्हणवत नाही. पत्र लिहीत जा, मी उत्तर देईन. मात्र काळ गेला की मी सगळं विसरून जाईन, या भरवशावर राहू नकोस. डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आले. त्यांनी लिहून दिलंय, माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

आत्या